डाव्या हाताची कानस

माझ्या काकाच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच आहे. बंदूक फुटली असणार, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. बंदूक फुटली होती हे खरं, पण ती दुसऱ्याच्या हातात.

काकाचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं, पण नाव झालं ते ठासणीच्या बंदुका ओळखण्यात. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेऊन एकेक घडवलेली बंदूक. वर नाव कारखान्याच्या उस्तादाचं, घडवणारा मात्र त्याच्या हाताखालचा कोणीही. काका नळी लाकडातून उचलायचा, पोटाकडचे कानशीचे ओरखडे बघायचा आणि कारागीर सांगायचा. कधी चुकला नाही, आणि ते ऐकवल्याशिवाय राहिलाही नाही. काकू म्हणायची, स्वतःच्या चपला ओळखता येत नाहीत आणि चालला जगाचे हात ओळखायला.

एका दुपारी तीन भाऊ दुकानात शिरले. त्यांचा चौथा, सगळ्यांत धाकटा, आदल्या दिवशी मेला होता. चाप ओढताच नळीच्या बुडाचा पेच मागे सुटला आणि त्याच्या कपाळात घुसला. बंदुकीवर ज्याचं नाव होतं आणि ज्याच्या कारखान्यात काका पोरवयात शिकला होता, त्या उस्तादाला त्यांनी फरफटतच आणलं होतं. म्हातारा सत्तरीचा, दातांचा चुराडा झालेला, एक डोळा सुजून मिटलेला. थोरल्याने बंदूक टेबलावर आपटली. म्हाताऱ्याने कबूल केलंय, तो म्हणाला, पण मार पडला की माणूस काहीही कबूल करतो. तू नुसतं हो म्हण, की याला इथेच संपवतो.

काकाने नळी उचलून उलटी केली. ओरखडे उलट्या बाजूला कललेले. कारखान्यात डावखुरा एकच होता. पेचाला सात आटे हवेत, तिथे पाचच होते. अठराव्या वर्षी उस्तादाने चारचौघांत कानाखाली वाजवली, त्या रागात काकाने ते काम कसंबसं उरकलं होतं.

मधला भाऊ म्हाताऱ्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. काकाने मान डोलावली असती तर काका स्वतः सुटला असता. त्याने ती डोलावली नाही याचा मला आजही राग येतो, आणि राग येतो याची लाजही वाटते.

"ही माझी आहे," काका म्हणाला. "उस्तादांनी हिला हात लावलेला नाही."

थोरल्याला पटेना. काकाने कानस डाव्या हातात घेतली आणि जुन्या ओरखड्याशेजारी नवा ओढून दाखवला. दोन्ही अगदी सारखे.

मग त्यांनी तोच हात ऐरणीवर दाबून धरला. हातोडा दुकानातलाच. पहिल्या घावाला काका ओरडला. तिसऱ्याला फक्त हाडांचा आवाज आला. चौथ्यासाठी उचललेला हातोडा थोरल्याने खाली टाकला आणि तो रडत बाहेर गेला. मागोमाग बाकीचे दोघेही.

काकू धावत आली, तेव्हा गुरू-चेले जमिनीवर शेजारी शेजारी पडले होते. उस्ताद रक्त थुंकला.

"गाढवा," तो म्हणाला, "नळी मी आधीच उलटून बघितली होती. मग मी एवढा मार कशासाठी खाल्ला?"