पार्सल पोसऱ्यावर ठेवा

यंत्रं बनवणाऱ्यांनी आमच्या भावोजींना आधी विचारलं असतं, तर जगातली निम्मी यंत्रं बनलीच नसती आणि उरलेली निम्मी नीट चालली असती. हे मत माझं नाही, भावोजींचंच आहे; पण गेली पंचवीस वर्षं ते इतक्या ठामपणे ऐकत आलोय की आता मलाही खरं वाटायला लागलंय. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी खाणीवरचे टिपर ट्रक दुरुस्त करायला म्हणून गोव्यात डिचोलीला आले आणि सर्वणला घर बांधून कायमचे राहिले. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे 'मेस्त' म्हणतात, तसं अख्खा गाव त्यांना मेस्त म्हणतो. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्याबरोबरची माणसं कपाळाला हात लावून बसली. भावोजींनी त्याच आठवड्यात कॉम्प्युटर आणला, पहिल्याच दिवशी तो शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडला आणि सगळे भाग ताईच्या परातीत मांडून ठेवले. दुपारच्या जेवणाला ताईला परात मिळाली नाही. त्यावर त्यांनी तिला सांगितलं की जेवण रोजचंच आहे.

तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर पुन्हा कधी अंगभर झाकलेला मी पाहिला नाही. एका बाजूचा पत्रा काढलेली पेटी, आत सगळ्या वायरी उघड्या, आणि समोर टेबलफॅन. मी पणजीला सरकारी कचेरीत नोकरी करतो, तिथले बंद डब्यासारखे गुळगुळीत कॉम्प्युटर त्यांना दाखवले तर ते हळहळतात. "जेचा झाकण उघडूक येना नाय, ता आपला न्हय. आपण तेचे पावणे," असं त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. नवी आवृत्ती आलीय, बसवू का, असं पडद्यावर विचारलं गेलं की ते चष्मा पुसतात, खुर्ची पुढे ओढतात आणि "कित्याक?", म्हणजे कशासाठी, असं मोठ्यानं विचारतात. उत्तर मिळेपर्यंत ते 'हो' म्हणत नाहीत, म्हणजे कधीच म्हणत नाहीत. पासवर्ड मात्र ते दर रविवारी बदलतात, आणि त्याला माशांची नावं लावतात. हे गुपित त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईला ते सांगावं लागत नाही, कारण रविवारी घरात कुठला मासा आला हे तिला ठाऊक असतं.

त्यांच्या मुलानं बंगळूरहून एक स्पीकर पाठवला होता, आपण बोललेलं ऐकणारा. दिवा लाव म्हटलं की दिवा लावतो, पंखा म्हटलं की पंखा. भावोजी त्याच्याशी मालवणीत बोलू लागले. त्यानं 'मला समजलं नाही' असं सांगितलं. दुसरं कुणी असतं तर इंग्रजीत बोललं असतं, निदान हिंदीत तरी. भावोजींनी त्याला तीन महिने रोज सकाळी एकच वाक्य ऐकवलं, आवाज चढवत चढवत, आणि तीन महिने ताई चुलीपुढून उठून दिवा लावत राहिली. शेवटी त्यांनी निकाल दिला की यंत्र बहिरं आहे. माघार घेणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. ह्या हट्टाला हसणारे पुष्कळ आहेत, मीही हसतो. पण पुढ्यात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूपुढे मान तुकवणारी आमच्यासारखी माणसं पाहिली की मला त्या तीन महिन्यांचा अभिमान वाटतो.

मोटारींबाबत तर ते न्यायाधीशच. जन्मभर टिपरच्या पोटाखाली झोपलेला माणूस. कुठल्या कंपनीनं कुठला बोल्ट चुकीच्या जागी दिलाय हे ते तोंडपाठ सांगतात. विजेवर चालणारी गाडी सर्वणात पहिल्यांदा त्यांनीच आणली. आवाज नाही, धूर नाही, ही कसली गाडी, असं लोक म्हणाले, तर त्यांनी दारातल्या सोप्याच्या कट्ट्यावर उभं राहून तासभर व्याख्यान दिलं. आवाज नसल्याचा खरा त्रास माणसांना नव्हे, गुरांना झाला. रस्त्यात बसलेल्या म्हशींना मागे गाडी आलीय हे कळेचना. हॉर्न वाजवणं भावोजींना असंस्कृत वाटतं, म्हणून ते काच खाली करून म्हशींना समजावून सांगायचे. एकदा मे महिन्यात त्यांच्याबरोबर पणजीला एका लग्नाला जायचा योग आला. एसी लावला तर बॅटरी उतरते म्हणून एसी बंद, आणि काचा उघडल्या तर वारा गाडीला मागे ओढतो म्हणून काचाही बंद. मंडपात उतरलो तेव्हा माझा सदरा पिळून वाळत घालण्यासारखा झाला होता. भावोजींनी मला थांबवून समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि किती बॅटरी उरलीय ते दाखवलं. नवरा-नवरीला त्यांनी अक्षता टाकल्या तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, फक्त तो बॅटरीचा होता.

पण त्यांचं खरं राज्य म्हणजे ऑनलाइन खरेदी. वस्तू मागवण्यापूर्वी ते फक्त वाईट अभिप्राय वाचतात, कारण चांगलं बोलणारा माणूस घाईत असतो असं त्यांचं म्हणणं. आलेली वस्तू ताईच्या तराजूत घालून वजन करतात. मग स्वतः अभिप्राय लिहितात, शुद्ध मराठीत, सविस्तर. एका बालदीवर त्यांनी लिहिलेला मजकूर मी वाचलाय; तिच्या कडीपासून सुरुवात करून ते पाणी वापरण्याच्या आजच्या पद्धतीपर्यंत पोचले होते. पाच तारे ते कुणालाच देत नाहीत. पाचवा देवाचा, असं म्हणतात. ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. गावातल्या एकेका घरी जाऊन, एकेका काकीच्या फोनमध्ये त्यांनी ती दुकानं बसवून दिली आणि बोट कुठे टेकवायचं ते शिकवलं. वर्षभरात सर्वणच्या बायका साबणापासून समईच्या वातींपर्यंत सगळं फोनवरून मागवू लागल्या.

अडचण होती ती पत्त्याची. आमच्याकडे घरांना नंबर असतात, पण ते पंचायतीच्या कागदावर. डिचोलीहून पार्सल घेऊन येणारा स्कूटरवाला फोन करून घर कुठे विचारायचा आणि त्याला फणसापासून डावीकडे, मग घाटी उतरून, असं सांगण्यापेक्षा सगळे एकच सांगायचे, पोसऱ्यावर ठेव. पोसरो म्हणजे गावातलं वाण्याचं दुकान. ते चालवणारा भावोजींचा सगळ्यात जुना मित्र. भावोजी गावात नवखे आले तेव्हा खोली मिळेपर्यंत ह्याच पोसऱ्याच्या बाकावर झोपलेले. पुढे तीस वर्षं दोघं त्याच बाकावर संध्याकाळी बसायचे, एक यंत्रांबद्दल बोलायचा, दुसरा 'व्हय' म्हणायचा. तर गावभरची पार्सलं ह्या पोसरकाराकडे जमू लागली. तो प्रत्येकाचं नाव वाचून, पावसात भिजू नयेत म्हणून ती तांदळाच्या पोत्यांवर रचून ठेवायचा आणि माणूस आला की काढून द्यायचा. कुणाच्याच ध्यानात आलं नाही की खोक्यात असलेलं बहुतेक सगळं त्याच्याच फळीवर विकायला ठेवलेलं होतं. भावोजींच्याही आलं नाही. संध्याकाळचं बसणंही हळूहळू सुटलं, कारण संध्याकाळी ते अभिप्राय लिहीत असायचे.

मग त्या वर्षीची चवथ आली. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, पानं, वेली टांगायच्या. भावोजींच्या माटोळीचं सामान दरवर्षी तो पोसरकारच डोंगरावर जाऊन आणून द्यायचा. त्या वर्षी भावोजींना फोनवर माटोळीचा तयार संच दिसला. त्यांनी तो मागवला, वर गावात चार जणांना सांगितलंही. चवथीच्या आदल्या सकाळी मी ताईकडे पोचलो होतो, म्हणून खोकं आणायला त्यांच्याबरोबर पोसऱ्यावर मीही गेलो. भावोजींनी तिथल्या तिथे खिशातल्या सुरीनं खोकं उघडलं. आत चार सफरचंदं होती, दोन मोसंबी, प्लास्टिकच्या द्राक्षांचा घोस आणि लावायची रीत सांगणारा इंग्रजी कागद. आंबाडे नाहीत, कांगलां नाहीत, सुपारीचं शिपटं नाही. मी हसणार होतो, पण तेवढ्यात पोसरकार आत गेला आणि केवणीच्या सालीनं बांधलेली एक ओली मोळी घेऊन बाहेर आला. त्यात सगळं होतं. त्यानं ती खोक्याशेजारी ठेवली.

भावोजी मोळीकडे बघत राहिले, मग त्यांची नजर दुकानात फिरली. मीही तेव्हाच नीट पाहिलं. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या. जिथे काड्यापेट्या आणि साबण असायचे तिथे गावाची पार्सलं होती, आणि अगरबत्तीच्या त्याच्या डब्यावर भावोजींच्या नावाचं एक खोकं होतं, ज्यात अगरबत्तीच होती. चवथ झाली की दुकान बंद करतोय, मुलगी कुडाळला बोलावतेय, असं पोसरकारानं हिशोबाबाहेरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. भावोजी तापले. चूक स्वतःची असली की ते दुसऱ्यावर तापतात, ही सवय टिपरच्या काळापासूनची. आमची पार्सलं तू घेतलीसच का, पहिल्याच दिवशी स्कूटरवाल्याला हाकलून का दिलं नाहीस, तोंड नव्हतं तुला, असं ते त्याला गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारत होते. पोसरकार सुतळीची गाठ सोडवत होता. ती सुटल्यावर म्हणाला, "पार्सल नाय घेतलंय, तर तू हय येतलस कित्याक, मेस्ता?"

भावोजींनी सुरी मिटून खिशात घातली. त्यांनी मोळी खांद्यावर घेतली, खोकं तिथेच ठेवलं आणि घरापर्यंत चालत आले. गाडी पोसऱ्यासमोरच राहिली. ती मी मागाहून जाऊन आणली.

चवथ संपताच त्यांनी लढाई पुकारली. पोसरो बंद होणार नाही, असं त्यांनी देवळात सर्वांदेखत सांगितलं. पंधरा दिवस बसून पोसऱ्याचं स्वतंत्र ॲप बनवलं, प्रत्येक डाळीचा फोटो काढून त्यात घातला, पुन्हा घरोघर फिरून ते फोनमध्ये बसवलं. लोकांनी ते कौतुकानं वापरलंही. पाववाला पोदेर पाव देऊन गेला काय, एवढं त्यावर विचारायला. सामान मात्र जिथून येत होतं तिथूनच येत राहिलं, आणि भावोजी प्रत्येक घरी जाऊन भांडले, ज्या बायकांना स्वतः शिकवलं होतं त्यांच्याशीच. ताईनं त्यांना समजावलं, आता सोडा म्हणून. त्यांनी सोडलं नाही. पोसऱ्यातला माल संपला, तो पुन्हा भरला गेला नाही, तरी पोसरकार कुडाळला जायला निघाला की भावोजींचं एखादं पार्सल यायचं असायचं. ते कोण घेणार? मग तो थांबायचा.

आता तिथे विकायला काहीच नाही. सकाळी दहाला दाराची एक फळी काढली जाते, पार्सलांपुरती. भावोजी पूर्वी एका खोक्यात दहा वस्तू मागवायचे, आता दहा वस्तू दहा दिवसांत मागवतात. ताईच्या घरी सध्या नऊ नेलकटर आहेत, आणि प्रत्येकावर अभिप्राय लिहायचा म्हणून तो घेऊन ते बाकावर बसतात. पोसरकार शेजारी बसून 'व्हय' म्हणतो. हा वेडेपणा आहे असं मुलानं फोनवर सांगून पाहिलं, आणि गावातले हसणारे हसतातच. हसू देत. मी एकदा त्यांना इतकंच विचारलं, की नुसतं जाऊन बसलं तर काय बिघडेल, पार्सल कशाला हवं? ते माझ्याकडे असं बघायला लागले जणू मी बोल्ट उलटा पिळायला सांगितलं. "काय काम नसताना माणसान दुसऱ्याच्या दारात कसा जावचा रे?"

ते मला लागलं, कारण ते माझ्याही बाबतीत खरं आहे. ताईकडे राहणारी आई गेल्यापासून सर्वणला जायला मला निमित्त लागतं. ताई एकदा आजारी पडली होती तेव्हापासून तर मला दर रविवारी तिला बघावंसं वाटतं, पण तसं म्हणायची आमच्या घरात कुणाला सवय नाही. म्हणून गेलं वर्षभर मी माझा लॅपटॉप बिघडलाय असं सांगून जातो. तो ठणठणीत आहे. परवाही गेलो, ताईच्या हातचं जेवलो, आणि भावोजींनी लॅपटॉप उघडून परातीत मांडला, पंख्यावर फुंकर मारली, सगळे स्क्रू पुन्हा जागच्या जागी बसवले. मी निघताना तो त्यांनी माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. कानाशी लावून थोडा वेळ ऐकलं.

"अजून आवाज करता," ते म्हणाले. "पुढल्या रविवारी परत घेवन ये."

कसलाच आवाज येत नव्हता. मी बरं म्हटलं.