पुसलेली रांगोळी

काल डार्करूममध्ये, फोटो धुण्याच्या हायपोच्या वासात, एक जुनी काचेची निगेटिव्ह प्लेट हाती लागली. उजेडात धरली आणि माझाच मला संताप आला.

वीस वर्षांपूर्वी हुबळीत, केशवापूरच्या माळावर, गाड्यांतच संसार करणारे लोहार उतरले होते. एका सरकारी साहेबांनी मला तिथं फोटो काढायला नेलं. पक्की घरं देण्यासाठी फोटो हवेत, असं त्या लोकांना सांगितलं होतं. म्हणून त्यांच्यातल्या यल्लव्वाने गाडीपुढची जमीन सारवून रांगोळी घातली होती, पोरांना तेल लावून बसवलं होतं.

साहेब माझ्या कानाशी लागले. "हे काय लग्नघर आहे? घाण दिसली पाहिजे. वस्ती उठवायचीय."

फोटोतल्या नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण प्लेटवर पेन्सिल फिरवून घालवणारा मी! काळ्या कापडातून डोकं काढून म्हणालो, "अक्का, रांगोळी पूस. कोळशाचा ढीग पुढे ओढ."

ती हसली. "असं दिसलं की घर लवकर देतात होय, अण्णा?"

"होय," मी म्हणालो.

तिने हाताने रांगोळी पुसली. आठवड्याभरात तोच फोटो दाखवून साहेबांनी त्या लोहारांच्या गाड्या अळणावरच्या वाटेला हाकलल्या.

इतकी वर्षं मी साहेबांना शिव्या घातल्या. पण 'होय' मी म्हणालो होतो.

प्लेटवर, पुसलेल्या रांगोळीत, तिच्या बोटांच्या चार रेघा स्पष्ट आहेत. काल त्या घालवायला मी सवयीने पेन्सिल उचलली होती.