कोरडेनानांची ओली कुपी

प्रयोगशाळेत धुतलेलं प्रत्येक काचेचं भांडं नाना आधी गालाला लावून बघत. गार लागलं, म्हणजे ओल उरली, की ते पुन्हा ओव्हनमध्ये जाई. ओव्हनवरच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, गालावर होता. त्यामुळे महामार्गालगतच्या आमच्या कळंबच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाच्या या परिचराला सगळे कोरडेनाना म्हणत. त्यांनाही ते आवडे.

नाना तळेघरचे. आठवडाभर कळंबला खोली घेऊन राहत आणि शनिवारी शेवटच्या एसटीने गावी जात. तांदूळ घरून आणत, तरी तक्रार कायमची होती. "तांदूळ त्योच, पाणी कळंबचं. मंग भात तळेघरचा कसा व्हईल, राव?"

विभागात पीएचडी करणाऱ्या वैशालीताईचं संशोधन याहून फार वेगळं नव्हतं. तांब्याचा क्षार आणि एक सेंद्रिय आम्ल एकत्र विरघळवून ती स्फटिक वाढवत असे. ज्यात विरघळवायचं तो द्रावक बदलला, की तेच घटक निराळ्या रचनेत बसत. नानांना हे एकदाच सांगावं लागलं. "म्हंजे भातच की," ते म्हणाले.

एका सोमवारी तिच्या एका कुपीत निळे, पैलूदार स्फटिक दिसले. द्रवाबाहेर काढताच ते तडकले. क्ष-किरणांनी रचना तपासायला एकही धड उरला नाही. ते पुन्हा वाढवायचे होते आणि प्रबंध द्यायला तीन महिने होते. पुढचे सहा आठवडे प्रत्येक कुपीत हिरवा गाळच आला. मार्गदर्शकांनी प्रबंधातलं ते प्रकरण वगळायला सुचवलं. नाना या काळात भांडी दोन-दोनदा वाळवत होते आणि कमी बोलत होते.

एका सकाळी ते ताईच्या टेबलाशी आले. मी एमएस्सीला होतो, शेजारच्याच टेबलावर.

"ताई, ती निळी कुपी ओली व्हती."

"कोण म्हणतं?"

"मीच ठिवली ना. तुमी ती भरली, त्याच्या आदल्या शनवारी लाईट गेली, ओव्हन बंद. एसटी चुकली आसती. गालाला गार लागली, तरी ठिवली. घाला आता काय शिव्या घालायच्या त्या."

"किती ओली होती, नाना?"

"पाणी दिसत न्हवतं. नुसतं लागत व्हतं."

"आणि सहा आठवडे तोंडाला कुलूप?"

"कोरडेनाना म्हणता ना मला," नाना म्हणाले.

त्याच दिवशी तिने पाच कुप्या लावल्या. एक कोरडी, बाकीच्यांत थेंब मोजून पाणी. नानांना त्या कुप्यांजवळ गाल न्यायला बंदी झाली. नवव्या दिवशी तिसऱ्या कुपीत निळे स्फटिक होते. या वेळी ते त्याच द्रवात बुडवून तपासणीला गेले. प्रबंध वेळेत गेला, त्या प्रकरणासकट.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. शाल, नारळ, तीन भाषणं झाली. मग ताईने काचेच्या फ्रेममधलं एक चित्र त्यांच्या हातात दिलं. त्या स्फटिकाची आतली रचना होती. नानांनी ते लांब धरून पाहिलं.

"ह्यातलं पाणी कंचं?"

ताईने तांब्याला चिकटलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे मी वाळवलं न्हाई, ते अजून हितंच हाय?"

"इथंच. ते काढलं की सगळं कोसळतं."

नानांनी फ्रेमची काच गालाला लावली.

"गार लागतीया," ते म्हणाले.