शवासनाला पहिलं बक्षीस देणाऱ्या अनसूयाताई

अनसूयाताईंच्या मुलाचा, प्रकाशचा, फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मावशी, आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि चहा करून आणेपर्यंत..." मी विचारलं, "पडल्या का रे?" तो म्हणाला, "नाही, निजल्या निजल्याच." मला बरं वाटलं. कोणी गेल्याचं कळल्यावर बरं वाटणं चमत्कारिक खरं. पण ज्या बाईच्या खांद्यावर मी माझ्या डोळ्यांदेखत लोखंडी पाना बसताना पाहिला, आणि तो पाना माझ्यासाठी उचललेला होता, ती बाई शेवटी अंथरुणात, कोणी बोट न लावता गेली, याचं त्या क्षणी मला फार बरं वाटलं. रडू दोन दिवसांनी आलं.

आज तीन आठवडे झाले. अनसूया खडतकर हे नाव दुर्ग-भिलाईबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. त्यांचे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल्वेत शंटिंगवर, डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर होते आणि आमचं क्वार्टर त्यांच्या शेजारी. मी यवतमाळकडची, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तिथं आले. कारखाना तेव्हा उभा राहून राहिला होता. झाड नावाला नव्हतं. अंगणात वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी तांबडं होऊन घरात यायचं, आणि दिवसभर जमिनीत खांब ठोकल्याचा आवाज चाले. त्या आवाजाचा माझ्या नवऱ्याला, मनोहरला, फायदा होता.

मनोहर लोखंडी सांगाडे जोडणाऱ्या टोळीत होता. कामात तरबेज, बाहेर सगळ्यांशी गोड. दोन वाजता पाळी सुटली की घरी येई. पहिल्यांदा मारलं ते वरणात मीठ जास्त झालं म्हणून. पुढं कारण लागेनासं झालं. चिमटा, पट्टा, एकदा वरवंटा. मारून झालं की तो नीट हातपाय धुऊन जेवायला बसे, आणि वाढताना माझा हात थरथरला तर त्याचा मार वेगळा. माहेरी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, सांभाळून घे.

अनसूयाताईंशी पहिलं बोलणं नळावर झालं. मी घागर डोक्यावर न घेता कडेवर घेत होते.

"कावून वं, मान अशी कावून धरून राहिली?"

"न्हाणीत पाय घसरला, ताई."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "न्हाणीत घसरलं तर बूड शेकते बाई, मान नाही." आणि माझी घागर उचलून माझ्या दारात नेऊन ठेवली. "उद्या दहा वाजता ये माह्याकडे. माणसं ड्यूटीवर गेली की आमी आसनं करतो."

मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ताई म्हणजे बुटकी, रुंद खांद्यांची, काळीसावळी बाई, आवाज मात्र पुरुषासारखा खणखणीत. वडिलांचा अमरावतीकडच्या एका गावात आखाडा होता. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी या लेकीलाच दंडबैठका आणि आसनं शिकवली, वर दोनचार पेचही. लग्नात सासरच्यांना त्यातलं काही सांगितलं नव्हतं, असं त्या हसून सांगत.

त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही आठनऊ जणी जमायचो, लुगड्याचा काचा मारून. त्यात देशमुखकाकू होत्या, साठीच्या, अजस्र. पलीकडच्या गल्लीतल्या रशियन इंजिनिअरची बायको ल्यूबा होती. तिला हिंदीचे चार शब्द येत आणि त्यातले दोन भाजीचे होते. ताई कडक होत्या. कंबर वाकली नाही तर पाठीत गुद्दा बसे. पहिल्या गुद्द्याला मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. त्या दिवसानंतर ताईंनी मला कधी हात लावला नाही. नुसतं बोलून शिकवायच्या. "कुसुम, तू श्वास धरून ठेवते. मार खायच्या वेळी धरते तसा. सोडत जा." सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला इतका राग आला की आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताई बक्षीस समारंभ करीत. ही त्यांचीच कल्पना. वर्षभरातलं सगळ्यांत लाडकं आसन कोणतं, यावर चिंचोके टाकून मतदान. एकेका आसनाच्या नावाचा डबा. दर वर्षी शवासनच निवडून येई, आणि ताई दर वर्षी चिडत. "आळशी बाया! निजायले बक्षीस देता?" मग हार मात्र त्याच घालायच्या, चटईला. देशमुखकाकूंना 'घोरत केलेलं उत्तम शवासन' म्हणून उशीचा अभ्रा मिळाला. ल्यूबा एकदा पद्मासनात अडकली ती सुटेना, शेवटी दोघींनी ओढून सोडवली, तिला सुतळीचा बिंडा मिळाला. तिनं तो छातीशी धरून रशियनमध्ये भाषण केलं, आम्हाला कळलं काहीच नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. उत्तम गुरूचं बक्षीस एका वर्षी ताईंच्या मांजरीला दिलं, कारण पाठीचा कणा तिच्यासारखा ताईंनासुद्धा वळवता येत नव्हता. मी इतकी हसले की बरगडीत कळ आली. तिथं दोन दिवसांपूर्वीचा पट्टा होता... हसताना दुखत होतं, तरी मी हसायची थांबले नाही.

तिसऱ्या वर्षीचा समारंभ. मी लग्नाआधीच मॅट्रिक झाले होते. टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या तेव्हा ताईंच्या यजमानांनी अर्ज आणून दिला होता. बोलावण्याचं पत्र आलं ते मी पिठाच्या डब्यात ठेवलं. त्या दिवशी घरी आलेल्या मनोहरला मी घरात दिसले नाही, म्हणून खायचं शोधत त्यानं एकेक डबा उघडला, आणि पत्र त्याच्या हाती लागलं.

तीन वाजले असतील, लख्ख ऊन. ताईंनी नुकतंच माझं नाव पुकारलं होतं. मला धनुरासनाचं बक्षीस होतं, 'तीन वर्षं लाकूड, शेवटी धनुष्य'. मी उठून पुढं निघाले आणि डाव्या कानावर काहीतरी आदळलं. आवाज असा झालाच नाही. उलट सगळे आवाज गेले. मी गुडघ्यांवर होते, गळ्यात ऊन रक्त उतरत होतं, आणि वर मनोहर होता, कामावरचा हातभर लांब पाना घेऊन. "नोकरी करते? मले न विचारता?" त्यानं पाना पुन्हा उचलला. मी श्वास धरला.

तो घाव मला लागला नाही. ताई मध्ये आल्या होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावर पाना बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी उजव्या कानानं ऐकला. बाई ओरडली नाही. उजव्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या अंगाबरोबर फिरवलं, बापाच्या आखाड्यातला पेच. पाना पडला, मनोहर तोंडावर आला. ल्यूबानं त्याच्या पाठीत पाट घातला. देशमुखकाकू त्याच्यावर बसल्या, सगळं वजन टाकून. बाकीच्यांनी जे हाती आलं त्यानं मारलं, लाटणं, तांब्या, हळदीकुंकवाचं तबक. त्याच्या केसांत, डोळ्यांत कुंकू गेलं होतं, आणि रक्त कुठलं, कुंकू कुठलं कळत नव्हतं.

मी पाना उचलला. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. दुसराही तिथंच. काहीतरी आत फुटलं ते माझ्या तळव्यांना कळलं. तो "कुसुम, कुसुम" करून राहिला होता. तीन वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारलेली आठवत नाही. बाया बाजूला झाल्या. तिसऱ्या वेळी मी पाना त्याच्या डोक्यावर धरला. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. लोक विचारतात तेव्हा मी 'घाबरून मारलं' म्हणते. घाबरले नव्हते. मला आनंद होत होता. असा आनंद पुन्हा कधी झाला नाही, आणि होऊ नये.

"कुसुम." ताई जमिनीवर बसल्या होत्या, डावा हात मांडीवर भलत्याच कोनात पडलेला, ओठ पांढरे. आवाज मात्र वर्गातलाच. "श्वास सोड. धरून कावून राहिली? आधी सोड, मंग काय करायचं ते कर."

मी सोडला. छातीतून एवढा आवाज निघाला की मलाच तो ओळखू आला नाही. त्यानंतर हात वर राहीना.

ल्यूबाच्या नवऱ्याच्या जीपमधून आम्हा तिघांना एकाच वेळी दवाखान्यात नेलं. मनोहर पुढं, आम्ही दोघी मागं. चौकशीला आलेला हवालदार म्हणाला, "घर का मामला है, बाई, मिटवून टाका." ताईंनी खांद्याच्या प्लास्टरवरून त्याच्याकडे पाहिलं. "घर याचं. खांदा माहा आहे. लिहा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही. तूही नोको सांगू. तू मारलं ते मारलं." मी तसंच सांगितलं. पण माझ्यावर काही झालं नाही, कारण मनोहरनं स्वतः जबानीत लिहून दिलं की तो पायरीवरून पडला. बायकोनं गुडघा फोडला हे त्याच्या तोंडून निघणार नव्हतं. ताईंना हे कळलं तेव्हा त्या खांदा धरून हसल्या. "न्हाणीत घसरला म्हणाव!" ताईंच्या खांद्यासाठी त्याला काही महिने शिक्षा झाली. तिथून तो भिलाईत परतला नाही.

मी दीड वर्ष खडतकरांच्या घरी राहिले. टेलिफोनची नोकरी मिळाली. डावा कान गेला तो गेलाच, पण रिसीव्हर एकाच कानाला लागतो. ताईंचा डावा हात पुढं खांद्याच्या वर कधी गेला नाही. वेणी माझ्याकडून किंवा यजमानांकडून घालून घ्यायच्या. शीर्षासन, मयूरासन, सगळं सुटलं. वर्ग सुटला नाही. त्या बसून सांगायच्या आणि मी करून दाखवायची.

त्या देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही. राग धरायच्या. कितीतरी वर्षांनी मनोहर आजारी असल्याचं कळलं आणि मी त्याला नागपुरात जाऊन पाहून आले. काठी टेकत दारापर्यंत आला होता. मी संत्री ठेवली आणि परतले. ताईंनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला. "मी खांदा त्याच्यासाठी नाही मोडून घेतला," एवढंच शेवटी बोलल्या. मला आजही कळत नाही मी का गेले होते. त्यांना समजावून सांगता आलं नाही, ते राहूनच गेलं.

गेल्या रविवारी दुर्गच्या बोरसीला त्यांच्या घरी गेले. यजमान रिटायर झाल्यावर त्यांनी ते बांधलं होतं, आणि तिथंही अगदी परवापर्यंत मुली शिकायला येत. पुढच्या खोलीत सामान नाहीच, फक्त चटया. प्रकाश म्हणाला, "मावशी, ही भिंत तेवढी रंगवून घेतो. आई हातच लावू द्यायची नाही." भिंतीवर साडेचार-पाच फुटांवर तेलकट, काळपट डागांचा पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शीर्षासन शिकताना पाय भिंतीला टेकतात, त्या टाचांचे डाग. तीस वर्षांतल्या पोरीबाळींच्या टाचा, एकावर एक. कुठं अंगठ्याचा ठसा, कुठं पैंजणाचा ओरखडा, कुठं मेंदीचा पुसट तांबूस ठिपका.

मी सगळी भिंत हातानं चाचपली. माझ्या टाचा त्यात असतील. ताईंच्या नाहीत, एकही नाही, हे घर बांधलं तेव्हा त्यांना उलटं उभं राहता येत नव्हतंच.

"राहू दे रे," मी प्रकाशला म्हटलं. "बाकीचं घर रंगव."