हंड्याला तीट

कुठल्याही धंद्यात माल संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या धंद्यात तर माल खपायचाच कमी, त्यामुळे किस्से जमवायला वेळच वेळ होता. अजूनही आम्ही कुठे भेटलो की पहिला चहा येईपर्यंत दोन निघतात, आणि दुसरा चहा सांगावा लागतो.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. घरबसल्या इंटरनेटवर वस्तू विका, लिलाव लावा, अशी एक साइट निघाली होती. नाशकात ती ठाऊक असलेले बहुधा आम्ही चौघंच. कॅनडा कॉर्नरजवळ कैलासचा सायबर कॅफे होता. तीन कॉम्प्युटर, त्यातला कोपऱ्यातला कायम आमच्या ताब्यात. मी गणिताचे क्लास घ्यायचो आणि उरलेल्या वेळात पिंपळगावच्या मेहुण्याचे बेदाणे विकायचो. नाना सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, ते जुनी टपाल तिकिटं विकायचे. मंदाताई तांबट आळीतल्या. यजमान तांब्याची भांडी घडवायचे, ताई ती विकायच्या. कैलास काहीच विकायचा नाही. तो आमच्याकडून तासाचे पैसे घ्यायचा, म्हणजे चौघांत खरा धंदा त्याचाच चालला होता.

आमच्यात एकच वाद कायमचा होता. साइटने स्वतःची जाहिरात करायला हवी की नको?

मंदाताई म्हणायच्या, "बाजार भरवलाय तर लोकांना सांगा की. आम्ही मांडून बसलोय आणि गिऱ्हाईकाला रस्ताच ठाऊक नाही."

नाना म्हणायचे, "जाहिरात करतील आणि कमिशन वाढवून आपल्याकडूनच वसूल करतील. शिवाय जाहिरात बघून गिऱ्हाईक एक येईल आणि विकणारे दहा येतील."

दोघांचंही मला पटायचं. म्हणून दोघंही माझ्यावर चिडायचे.

*

मंदाताईंनी पहिला हंडा विकायला काढला तो दिवस. आळीतल्या फोटो स्टुडिओवाल्याकडून कॅमेरा मागून आणला होता. हंडा चिंचेने घासून लख्ख केलेला, हातोडीचा एकेक ठोका मोजून घ्यावा असा. कैलास फोटो काढणार, तेवढ्यात ताईंनी पर्समधून काजळाची डबी काढली आणि हंड्याच्या पोटावर ठसठशीत तीट लावली.

नाना उडालेच. "अहो, ते काय तान्हं बाळ आहे?"

"इतकी माणसं बघणार त्याला," ताई म्हणाल्या. "दृष्ट लागली म्हणजे?"

"ताई, आतापर्यंत तुमचं पान फक्त आपण चौघांनी बघितलंय."

"मग तुमचीच लागायची."

आठवड्याने बंगलोरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आला. हंड्यावर काळा डाग दिसतोय, हा दोष आहे का? ताईंनी उत्तर सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून आहे. इंग्रजीत लिहिण्याचं काम कैलासचं. त्याने बराच विचार केला आणि टाइप केलं, "इट इज फॉर सेफ्टी."

लगेच उलट प्रश्न आला. कुठल्या स्टँडर्डप्रमाणे?

कैलासने लिहिलं, "व्हेरी ओल्ड स्टँडर्ड."

गृहस्थांनी हंडा घेतला. पोचल्यावर तक्रार केली, की फोटोतलं सेफ्टीचं चिन्ह प्रत्यक्षात नाही! पॅकिंग करताना ताईंनी हंडा पुसला होता. तेव्हापासून प्रत्येक भांडं तीट लावूनच खोक्यात जाऊ लागलं.

*

नानांची तऱ्हा निराळी. सौदा झाला की गिऱ्हाइकाबद्दल दोन शब्द लिहायची त्या साइटवर सोय होती. बाकीचे लोक "सुपर", "फँटास्टिक" वगैरे लिहायचे. नानांनी तीस वर्षं हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिलेले. ते लिहायचे, "रक्कम मुदतीत भरली. वर्तणूक समाधानकारक. पुढील व्यवहारास हरकत नाही."

कलकत्त्याचा एक तिकीटवेडा माणूस त्यांच्याकडून वारंवार घ्यायचा. एकदा त्याने पैसे दोन दिवस उशिरा पाठवले. नानांनी लिहिलं, "सुधारणेस वाव आहे."

त्याने फोन करून माफी मागितली. नाना दिवसभर खुशीत होते. नोकरीत त्यांची कुणी माफी मागितली नव्हती म्हणे.

*

माझा मेहुणा भाऊसाहेब कांद्याचा व्यापारी. लिलावात हयात गेलेली. त्याला म्हटलं, तुमचेच बेदाणे कसे विकतो ते तरी बघा. कॅफेत येऊन तो खुर्चीवर न बसता कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारून आला.

"माल कुठं हाय?"

"हा काय फोटो."

"ह्यो तर वरचा थर झाला. ट्रॉलीच्या तळाला काय हाय ते दाखवा."

"भाऊसाहेब, तुमचेच बेदाणे आहेत हे."

"म्हनून तर इचारतोय."

जाताना त्याने जाहिरातीच्या वादावर निकालही दिला. "आमच्या मार्केटची कवा जाहिरात बघितली का? व्यापारी उभा हाय, रोख देतोय, एवढं कळलं की शेतकरी रात्रीच ट्रॅक्टर लावतो. तुमच्या साइटवर व्यापारी कोन उभा हाय तेवढं सांगा फक्त."

आम्ही तिघांनी कैलासकडे बघितलं. कैलासने पंखा वाढवला.

*

शेवटी कंपनीला अर्ज करायचं ठरलं. अर्ज लिहावा तर नानांनीच, आणि जाहिरातीला विरोध तर नानांचाच. त्यांनी तीन पानी अर्ज लिहिला, मुद्देसूद, मंदाताईंना सुचले नसते असे मुद्दे घालून. शेवटी एक ओळ टाकली, "सदर मागणीशी प्रस्तुत अर्ज लिहिणारा सहमत नाही."

कंपनीने जाहिरात केली नाही. टोप्या पाठवल्या! साइटचं नाव छापलेल्या दोन खोकी टोप्या, गिऱ्हाइकांत वाटण्यासाठी. आमच्याकडे एवढी गिऱ्हाइकं कुठली? भाऊसाहेबाने खोकी उचलून नेली आणि पॅकहाउसमध्ये वाटून टाकली. त्या मोसमात पिंपळगावात द्राक्षं भरणाऱ्या प्रत्येक डोक्यावर आमची साइट होती. वणीला दर्शनाला गेलो तर नारळवाल्याच्याही डोक्यावर तीच. मी हरखून विचारलं, टोपीवर काय लिहिलंय, माहीत आहे का?

"ते नाय ठाऊक," तो म्हणाला. "पन ऊन लागत नाय."

मंदाताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चला, कुणाला तरी फायदा झाला."

त्या हसल्या, आणि मग हळूच खरी गोष्ट सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ताईंची जागा जायच्या बेतात आहे. ज्या गाळ्यात यजमान भांडी घडवायचे तो भाड्याचा होता, आणि मालकाला तिथे मोबाइलवाला हवा होता. दिवाळीपर्यंत धंदा दिसला तर ठीक, नाहीतर गाळा खाली करायचा. यजमानांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. मला फार वाईट वाटलं. आपण बेदाणे विकतोय ती हौस, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचं घर त्यावर चाललंय, हे दोन वर्षांत एकदाही लक्षात आलं नव्हतं.

*

कंपनी करत नाही तर आपण करू, असं ठरवून आम्ही रिक्षा फिरवली. वर कर्णा, आत कैलास. "या, या! भव्य ऑनलाइन बाजार! तांब्याची भांडी, बेदाणे, दुर्मिळ तिकिटं!" शेवटी पत्ता कॅफेचा. दुसरा कुठला देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेसमोर पिशव्या घेतलेल्या पंधरा-वीस बायका. त्यांच्या मागे कळवणहून आलेला एक टेम्पो, कोथिंबिरीने भरलेला.

टेम्पोवाल्याला कैलासने नीट समजावलं. फोटो काढायचा, सात दिवस बोली चालते, मग कुरियरने पाठवायचं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग कोथिंबिरीची एक जुडी उचलून कैलासच्या हातात दिली. "ही ठेवा. सात दिवसांनी बघा, बोली लावाल का."

बायका मात्र हटेनात. एकीने नमुन्याला ठेवलेला हंडा उचलला, बोटाने वाजवला, कान लावला आणि तिथल्या तिथे घेऊन गेली. मग दुसरीने घागर वाजवली. संध्याकाळपर्यंत मंदाताईंकडची सगळी नमुन्याची भांडी गेली, इंटरनेटला हातही न लावता.

"बघा," ताई म्हणाल्या, "जाहिरातीने होतं की नाही?"

"पण साइटवर काय विकलं गेलं?" नानांनी विचारलं.

साइटवर त्या दिवशी काहीच विकलं गेलं नव्हतं. त्यामुळे वाद होता तिथेच राहिला.

*

पावसाळा संपता संपता कंपनीचा साहेब मुंबईहून आला. आग्रा रोडवरच्या हॉटेलात विक्रेत्यांचा मेळावा होता. मेळावा म्हणजे आम्ही चौघं आणि मालेगावचे लुंग्या विकणारे दोन व्यापारी. तरुण साहेबाने पडद्यावर आलेख दाखवले. म्हणाला, आमचा जाहिरातीवर विश्वास नाही, माणसं एकमेकांना सांगतात आणि बाजार वाढतो.

मंदाताई उठल्या. "मी दोन वर्षं सांगतेय. आळीत सांगितलं, माहेरी सांगितलं, रिक्षा फिरवली. तुम्ही कुणाला सांगितलंत?"

साहेब हसून म्हणाला, "मॅडम, युअर पॉइंट इज व्हॅलिड."

"मला दिवाळीपर्यंतच वेळ आहे," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग नाना उठले. मला धडकीच भरली, आता हे विरोधी भाषण करणार. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझा जाहिरातीला तत्त्वतः विरोध आहे," ते म्हणाले, "तो कायम आहे, नोंद घ्यावी. पण जाहिरात द्यावी. आणि या बाईंच्या हंड्याची द्यावी."

परतताना ताईंनी नानांच्या रिक्षाचे पैसे देऊ केले आणि नानांनी ते नाकारले.

*

आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी खरंच जाहिरात आली! वर्तमानपत्राचं अख्खं पान. मधोमध मंदाताईंचा हंडा. सकाळी सातलाच आम्ही कॅफेच्या पायरीवर हजर. कैलास शटर उघडतोय, नाना पेपर उलटासुलटा बघताहेत, आणि ताई बोटाने हंड्याच्या पोटावर काहीतरी शोधताहेत.

"तीट कुणी पुसली?" त्यांनी विचारलं.

फोटो तोच होता. फक्त मुंबईच्या कुणा हुशार माणसाने डाग समजून काढून टाकला होता.

कैलासने कॉम्प्युटर लावला. साइट उघडेना. आठ वाजले, नऊ वाजले. पांढरं पान आणि खाली इंग्रजीत माफी. कंपनीला फोन लावला तर तिकडून कळलं, देशभरातून एवढे लोक एकदम आले की सगळं बंद पडलंय, केव्हा सुरू होईल सांगता येत नाही. दोन वर्षं ज्या गर्दीची वाट पाहिली ती आली, आणि दारच लागलेलं. नानांना "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. त्यांनी ती सोडली आणि ताईंसाठी चहा सांगितला. त्या दिवशी मला नाना फार आवडले.

अकराच्या सुमाराला ताई उठल्या, पर्समधून डबी काढली, आणि मॉनिटरच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात, ठसठशीत तीट लावली.

"आता उघड," त्या कैलासला म्हणाल्या.

कैलासने बटण दाबलं. पान उघडलं. हंड्याचं पान, आणि त्याखाली साइट बंद पडायच्या आधी आलेल्या मागण्या, एकाखाली एक. कैलासने प्रिंटर लावला. तासाभरात ताईंच्या हातात चिठ्ठ्यांची अशी चळत झाली, की यजमानांना निरोप गेला, तांबं आणायला निघा, संक्रांतीपर्यंत मान वर करायला सवड नाही.

बाराला फोन वाजला. मुंबईचा साहेब होता. आवाज पार उतरलेला. "इथे आमच्या ऑफिसातसुद्धा साइट अजून उघडत नाहीये. आणि रेकॉर्डला दिसतंय की नाशिकमधून एक माणूस तासभर आत आहे. तुम्ही नक्की काय केलंत?"

कैलासने फोन नानांकडे दिला. नानांनी काचेवरच्या तिटेकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, आणि घसा साफ केला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसात कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे का?"