धाकलूला दिलेली नऊ जून

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात श्यामकांत कर्णिक टाइमकीपर होते. विलायतेला परत जाताना कुठल्याशा गोऱ्या साहेबाने टाइम ऑफिसात एक जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. कुठल्या तारखेला कोण इंग्रज, कोण आयरिश थोर माणूस जन्मला, ते त्यात छापलेलं. श्यामकांत रोज सकाळी त्यातलं एक नाव गेटवरच्या फळ्यावर लिहीत.

"आज कोण जन्मलं, कर्णिक?"

"फॅरडे."

"मग पेढे काढा की!"

अठ्ठावन्न साली बारवीकडच्या पाड्यावरून धाकलू नोकरीला आला. जन्मतारखेच्या रकान्याशी गाडी अडली.

"मना काय ठावं, साहेब? पेरनीच्या दिसांत झालो, आय बोलते."

फॉर्मात पेरणी चालत नव्हती. श्यामकांतांनी पुस्तकाचा जून उघडला आणि नऊ तारीख काढली, जॉर्ज स्टीफन्सनची. "घे, आगगाडीच्या इंजिनवाल्याचा दिवस दिला तुला!" साल मात्र त्यांनी तोंडाकडे बघून घातलं, एकोणीसशे तीस. उन्हाने रापलेलं तोंड. पाचएक वर्षं जास्तच पडली.

तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. अठ्ठ्याऐंशीत निवृत्तीची यादी लागली: धाकलू, नऊ जून, वय अठ्ठावन्न पूर्ण. त्याचा थोरला भाऊ बुधाजी याच कारखान्यात बॉयलरवर होता. तो दोन यत्ता शिकलेला, म्हणून त्याची तारीख शाळेच्या दाखल्यावरची, तेहतीस सालची. म्हणजे कंपनीच्या हिशेबी धाकटा तीन वर्षांनी मोठा!

बुधाजी तडक टाइम ऑफिसात आला. "साहेब, ह्या माज्या पाठचा. माज्या खांद्यावर वाढला. कागदावर माज्या आदी कसा जन्मला?"

धाकलू दाराशी उभा होता. म्हणाला, "माजी पोर नवसी नववीत हाय, साहेब. शाला सोडवायची का तिची?"

श्यामकांत कार्मिक अधिकाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "तारीख मी घातली. मनानेच."

"फॉर्मावर अंगठा कोणाचा?"

"त्याचा."

"दुरुस्तीची मुदत?"

"पाच वर्षं. त्रेसष्ट साली संपली."

"मग?"

"मग त्याच्याऐवजी मला काढा."

अधिकाऱ्याने चहाचा कप पुढे सरकवला. "तुमची तारीख दाखल्यावरची आहे, कर्णिक. तुम्हाला कसं काढू?"

नऊ जूनला श्यामकांत खडू घेऊन फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत फिरले.

"काय कर्णिक, आज विलायतेत पाळणा हललाच नाही?" कोणीतरी ओरडलं.

दुपारी गळ्यात हार, हातात नारळ घेऊन धाकलू आला. "साहेब, त्या आगगाडीवाल्याची तारीख कोनी लिवली?"

"घरच्यांनीच असेल, बाबा."

"मंग बरोबर असंल," धाकलू म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच श्यामकांतांना सोसेना. त्याने हात जोडले.

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. बुधाजीने भावाच्या पाठीवर हात ठेवला, काढला आणि आत गेला. श्यामकांतांनी थोरल्याची हजेरी लावली. धाकटा, वय झालं म्हणून, गेटबाहेर पडला.