काटेवाल्याचा पासंग

काटेवाल्यानं उभ्या जन्मात कुठल्या वजनावर विश्वास ठेवला नाही, तिथं माणसांची काय कथा. बाजारातले तराजू दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा. दुकानदार कितीही गोड बोलो, हा गडी आधी वजन उलटं करणार आणि बुडातलं शिसं नखानं टोकरून बघणार. बायको म्हणायची, हे झोपले तरी ह्यांचा एक डोळा पारड्यावर असतो.

उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीतून वर खांद्याच्या फऱ्यापर्यंत चढलं, तेव्हा त्याला वाटलं, जन्मभर वीस-वीस किलोची वजनं उचलली, खांदा आता उट्टं काढतोय. डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताशयाचा कॅन्सर आहे, यकृतात उतरलाय, कापून उपयोग नाही. दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येईल. यानं विचारलं, तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलं होतं? डॉक्टर हसले नाहीत. म्हणून त्याला थोडंफार खरं वाटलं.

पण दुखणं काही आटोक्यात येईना. मॉर्फिनचं पातळ औषध होतं, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखत नसताना कशाला, यावर त्यानं हुज्जत घातली होती. नर्सबाईंनी समजावलं, दुखणं एकदा चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं, म्हणून चढूच द्यायचं नाही. आठवड्यातून दोनदा त्या घरी यायच्या आणि विचारायच्या, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज किती? हा सांगायचा, तीन. कधी चार. आकडा वहीत जायचा, औषध तेवढंच राहायचं. आणि त्या जिना उतरल्या की हा कामाच्या टेबलावर छाती टेकून, तोंडात पंच्याचं टोक धरून बसायचा. आडवं होणं बंदच झालं होतं.

मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. बायको आणि नर्सबाई दारात हळू काय बोलतात? बाटली स्वयंपाकघरातच का? त्यानं लेबलावर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. औषध रेघेखाली बरोबर हिशेबानं उतरत होतं. म्हणजे पाणी घालून माप बरोबर ठेवलेलं. जास्त औषधानं माणूस गुंगतो म्हणून बायको घाबरली असेल. आणि या विचारानं त्याला बरगडीपेक्षा वाईट दुखलं.

एका सकाळी त्यानं विचारलंच.

"बाटलीत पाणी घालतेस?"

बायको भांडी पुसत होती. तिनं हातातलं ताट पुसून पुरं केलं. "चाळीस वर्षांत दुधात घातलं नाही, ते औषधात घालीन होय? तोला की. तुमच्या घरात तराजूंना काय तोटा."

हा खरंच उठला. सोनारकामाचा नाजूक काटा काढला. नर्सबाई आल्या तेव्हा टेबलावर दोन बाटल्या होत्या, एक चालू आणि एक त्याच सकाळी सील फोडलेली. दोन्हींतलं सारखंच औषध पिचकारीनं मापून तो तोलणार होता. पण आधी त्यानं रिकामी पारडी बघितली. एक पारडं केसभर खाली होतं. हलक्या पारड्यात त्यानं तारेचा तुकडा टाकला.

हे कशाला, नर्सबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, हा पासंग. रिकाम्या काट्याचा मुळातला फरक. तो आधी वजा केला नाही तर पुढचं सगळं खोटं.

दोन्ही औषधं सारखी भरली. त्यानं बायकोकडे बघितलं नाही. तिनं कपाटाचं दार जरा जोरात लावलं.

नर्सबाई मात्र तारेच्या तुकड्याकडेच बघत होत्या. "काका, मला आकडा सांगताना पण असंच काही करता का हो?"

"करणारच. चार तर दिवसभर बसूनच असतात. ते माझं मुळातलं. त्याच्या वर जे चढतं तेवढं सांगतो."

"म्हणजे तुम्ही तीन सांगता, तेव्हा..."

"सात." एवढ्या साध्या बेरजेला तिसरीतलं पोरही अडणार नाही, असं तोंड करून तो म्हणाला.

नर्सबाई खुर्चीवर बसल्या. काका, आमच्या काट्याला पासंग नसतो, त्या म्हणाल्या. ते बसून असलेले चार, त्यांच्यासाठीच तर औषध आहे. मग त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढला. मध्येच कळ आली तर वरचा एक डोसही ठरला. पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही, अशी तंबी मिळाली.

पहिले दोन दिवस तो पेंगला. आपल्याला गुंगवून टाकण्याचाच हा डाव, असं त्यानं बायकोला ऐकवलं. तिसऱ्या दिवशी तो पाठीवर आडवा झाला. चौथ्या दिवशी एका दुकानाचा काटा उघडून बसला आणि दुकानदाराला मनापासून शिव्या घातल्या.

नर्सबाई आल्या. आज किती?

"दोन."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं त्याला चष्म्यावरून निरखून बघितलं, तो वजनाचं बूड निरखायचा तसं.

"पासंग धरून?"

"धरून," तो म्हणाला. तरी ती तिथून हलली नाही.